एकाच दोरीने बांधलेले सोबती

मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की त्याच्या अभ्यासाची चौकशी आपण रोज करतो. तो कोणाच्या संगतीत उठतो-बसतो, हे मात्र पुष्कळदा सर्वांत शेवटी विचारतो. ह. तलहा बिन उबैदुल्लाह (रजि.) यांचे चरित्र वाचताना हा क्रम उलटा करावासा वाटतो.

मक्केच्या बनू तैम घराण्यातील तलहा (रजि.) यांनी कोवळ्या वयात इस्लाम स्वीकारला. त्यांना या मार्गावर आणले ते त्याच घराण्यातील, वयाने बरेच वडील असलेल्या ह. अबू बकर (रजि.) यांनी. त्यांच्याच निमंत्रणाने ह. उस्मान, ह. अब्दुर्रहमान बिन औफ, ह. जुबैर आणि ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) हेही आले. यांतील जुबैर व सअद तर तलहांच्याच बरोबरीचे. कुरैशच्या नौफल बिन खुवैलिदने अबू बकर व तलहा यांना एकाच दोरीने बांधले. त्यावरून त्यांना 'करीनैन', म्हणजे जोडीचे सोबती, हे नाव पडले.

छळ सोसणाऱ्या ह. बिलाल (रजि.) यांच्यासारख्या गुलामांना अबू बकर (रजि.) स्वतःच्या पैशाने मुक्त करीत होते, तेही याच मक्केत, या तरुणांच्या देखत.

पुढे व्यापारात तलहांना विपुल संपत्ती मिळाली. एकदा मोठी रक्कम घरी आली आणि ती रात्र त्यांनी बेचैनीत काढली. पत्नीने कारण जाणून ती वाटून टाकण्याचे सुचविले. सकाळी ती वाटली गेली. (घरातली सोबत हीही सोबतच!) लोक त्यांना 'अल्-फय्याज', म्हणजे परम उदार, म्हणू लागले. उहुदच्या रणात, हिजरी 3 मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांचा बचाव करताना त्यांचा हात कायमचा निकामी झाला.

पण मला अधिक भावतो तो एक छोटा प्रसंग. हिजरी 9 मध्ये तबूकच्या मोहिमेत मागे राहिलेल्या ह. कअब बिन मालिक (रजि.) यांच्याशी 50 दिवस सर्वांचे बोलणे बंद होते. त्यांची तौबा कबूल झाली व ते मशिदीत आले, तेव्हा तलहा (रजि.) उठले, धावत गेले आणि त्यांचा हात हाती घेऊन त्यांनी अभिनंदन केले. मुहाजिरांपैकी दुसरे कोणीही उठले नव्हते. कअब (रजि.) यांनी पुढे ही हकीकत आपल्या मुलाला सांगितली, तेव्हा तलहांचे ते उठणे आपण कधीच विसरलो नाही, हेही सांगितले.