जेआरडी टाटा : घरात फ्रेंच बोलणारा मुलगा भारताचा पहिला परवानाधारक वैमानिक कसा झाला?

तीर्थपुरीसारख्या (जि. जालना) गावात मराठी माध्यमातून शिकून पायलट व्हायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो : इंग्रजीचं काय? भारतात वैमानिकाचा पहिला परवाना मिळवणाऱ्या जेआरडी टाटांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई सुझान फ्रेंच, त्यामुळे घरात फ्रेंचच. सुट्टीत ज्या किनाऱ्यावर कुटुंब जायचं, तिथेच लुई ब्लेरियो राहायचे. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे तेच. विमानाचं वेड तिथूनच लागलं.

केंब्रिजला इंजिनीअरिंग शिकायचं होतं. त्यासाठी इंग्रजी पक्कं करायला त्यांना इंग्लंडमधल्या शिकवणीला पाठवलं. पण मध्येच फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी आली आणि १९२५ मध्ये वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. पदवी नसल्याची खंत त्यांना कायम होती.

जुहूला फ्लाइंग क्लब निघताच त्यांनी नाव घातलं. सुमारे साडेतीन तासांच्या प्रशिक्षणानंतर ते एकटे उडाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना हातात आला, क्रमांक १. (घरची श्रीमंती होती, हेही खरं.)

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. बोलायचं कुणाशी? ८ जून १९४८ ला त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचं विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तोवर चित्र बदललं होतं. प्रत्येक देशाच्या कंट्रोल टॉवरशी बोलणं भाग होतं आणि त्यासाठी इंग्रजी रूढ होत गेली.

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी जेआरडींचं जिनिव्हात निधन झालं. तीनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ जण गेले. कझाक वैमानिकांचं कच्चं इंग्रजी हा त्या चौकशीतला एक मुद्दा होता. पुढे आयसीएओने भाषेची सहा पातळ्यांची चाचणी आणली. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी लागते आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते. साहेबी उच्चार लागत नाहीत. समोरच्याला नीट कळलं पाहिजे आणि न कळल्यास पुन्हा विचारता आलं पाहिजे.

जेआरडी शिकले त्या क्लबचं उड्डाण प्रशिक्षण आता जुहूवरून धुळ्याला गेलं आहे.