चित्ता, काळवीट आणि राजर्षी शाहू

निपाणीहून कोल्हापूरला निघालेली एस. टी. कोगनोळी मागे टाकते आणि थोड्याच वेळात कागल येते. या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. त्यांचे शिक्षण प्रथम राजकोटला व नंतर आपल्या धारवाडला, फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना विसावे वर्ष चालू होते. म्हणजे आज आपण वर्गात बसतो, जवळजवळ त्याच वयात!

महाराजांचे १९०२ चे आरक्षण, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण हे सारे आपण प्रत्येक जयंतीला ऐकतो. त्यांच्या शिकारीच्या शौकाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरण्याची शिकार प्रसिद्ध होती आणि महाराजांनाही तिची फार आवड होती.

आपण पुष्कळदा बिबट्यालाच चित्ता म्हणतो, पण ही दोन जनावरे निराळी. चित्ता अंगाने सडपातळ, पायाने लांब, आणि त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत आसवांसारखी काळी रेघ असते. काळवीट म्हणजे आपल्या कन्नड बांधवांची चिगरी. हुबळी-धारवाडच्या जलद बसलाही तेच नाव दिले आहे, ते तिच्या वेगामुळेच.

चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवीत आणि गाडी माळावर नेत. काळविटांना बैलगाडीची सवय असल्याने कळप लगेच बुजत नसे. पुरेसे जवळ गेल्यावर चित्तेवान टोपी काढी. चित्ता प्रथम अंग चोरून, दबत दबत पुढे सरके आणि मग एकदम सुटे. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावते, तर चित्ता शंभराच्या घरात जातो. पळत्या काळविटाला तो पंजाने पाडतो आणि नरडे दाबून धरतो. परंतु हा वेग त्याला काही क्षणच पेलतो. चार-पाचशे मीटरांत सावज हाती आले नाही, तर तो धापा टाकीत थांबतो. धावून धरलेले सावजही त्याचे होत नसे. चित्तेवान त्याला रक्त किंवा मांसाचा तुकडा देई आणि टोपी पुन्हा डोळ्यांवर येई.

शिकारीचे शिक्षण चित्त्याला त्याची आई रानातच देते, म्हणून मोठे झालेले चित्ते पकडून आणीत. बंदिवासात त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. त्यामुळे पाळलेला प्रत्येक चित्ता हा रानातून कायमचा कमी झालेला चित्ता होता. विसाव्या शतकात तर कोल्हापूरसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले.

माळरानावर शिकार करणारी आणखी एक जात होती, ती माणसांची. हरणासाठी व पाखरांसाठी फास लावणारे ते फासेपारधी. शिकार करून आणल्याबद्दल चित्त्याचे कौतुक होई, पण पोटासाठी फास लावणारा पारधी मात्र जन्मतःच गुन्हेगार ठरे. त्याला रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील ही हजेरी बंद केली. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांना त्यांनी जवळ केले, कामे दिली, राखणीवरही नेमले. रानात राहणाऱ्यांची नजर, पाय आणि धीर त्यांनी शिकारीच्या निमित्ताने स्वतः पाहिला असणार, असे मला वाटते. दरबारात बसून हे दिसले नसते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पुढे १९५२ साली दोन गोष्टी घडल्या. गुन्हेगार जमातींचा कायदा देशातून रद्द झाला आणि त्याच वर्षी चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. राधानगरी-दाजीपूरचे संस्थानी शिकारीचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खतावणीत दोन्ही बाजू मांडाव्यात असे आम्हांला शिकवतात. राजेरजवाड्यांच्या शिकारीची रक्कम नावे बाजूलाच पडेल. महाराजांवरील भक्तीपोटी ती खोडणे हा खोटा हिशेब होईल. पण जमेच्या बाजूला पारध्याची बंद झालेली हजेरी आहे आणि ती रक्कम मोठी आहे. चित्ता परत आणायला आपल्याला सत्तर वर्षे लागली. पारध्याकडे मात्र आपण अजूनही संशयानेच पाहतो. त्याच्या बाबतीत १९१८ साली एका राजाला जे उमगले, ते आपल्याला कधी उमगणार?