चेंबरलेन : शंभर गुणांची रात्र की अडुसष्ट विजयांचा हंगाम?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी हे गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. २ मार्च १९६२ रोजी तेथील क्रीडागृहात विल्ट चेंबरलेन यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक जेमतेम चार हजार होते आणि सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. उरले ते शंभराचा आकडा लिहिलेला कागद हाती धरलेल्या चेंबरलेन यांचे छायाचित्र. एनबीए स्पर्धेतील हा विक्रम आजही अबाधित आहे. साहजिकच त्यांच्या ऐन बहराचा हंगाम म्हणून १९६१-६२ चे नाव प्रथम घेतले जाते. तो मान १९६६-६७ ला देणाऱ्यांचा पक्षही मात्र दुबळा नाही.

चेंबरलेन यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. उंची सात फूट एक इंच. कॅन्सस विद्यापीठ सोडल्यावर ते वर्षभर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघात होते. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये आले आणि पहिल्याच हंगामात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले.

१९६१-६२ मध्ये त्यांनी ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले, सरासरी ५०.४. सामना ४८ मिनिटांचा असतो, तर त्यांची मैदानावरील सरासरी ४८.५ मिनिटे होती. ही छपाईची चूक नव्हे. ते जवळपास कधीच बाकावर बसले नाहीत आणि काही सामने जादा वेळेत गेले, एवढाच त्याचा अर्थ. फ्री थ्रो हा त्यांच्या खेळातील कायमचा कच्चा दुवा; पण हर्शीच्या त्या रात्री त्यांनी ३२ पैकी २८ साधले.

तरीही त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरले बोस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल. त्या काळी हा निवाडा खेळाडूच मतदानाने करीत, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. पुढे बाद फेरीतील निर्णायक सातव्या सामन्यात सेल्टिक्सने वॉरियर्सला दोन गुणांनी हरवले. आकड्यांचा धनी, पण विजेतेपदाला पारखा, हा चेंबरलेन यांच्यावरील शिक्का त्यामुळे अधिकच गडद झाला. दोन गुणांच्या अंतरावरून एखाद्याची योग्यता ठरवणे अन्यायाचेच होते.

वॉरियर्स १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १९६५ मध्ये चेंबरलेन फिलाडेल्फियात परतले ते सेव्हंटी-सिक्सर्सचे खेळाडू म्हणून. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांच्या हाताखाली त्यांनी आपला खेळच बदलला. हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम असे सहकारी सोबत होते. पाच वर्षांपूर्वी एका सामन्यात सरासरी ३९ हून अधिक वेळा बास्केटकडे चेंडू टाकणारे चेंबरलेन आता सुमारे १४ वेळाच प्रयत्न करू लागले. गुणांची सरासरी निम्म्याहून खाली, २४.१ वर आली, पण ६८.३ टक्के प्रयत्न यशस्वी ठरले. दर सामन्यात २४ हून अधिक रिबाउंड होतेच, शिवाय सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे जवळपास आठ पासही होते. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले. सलग आठ वेळा विजेत्या ठरलेल्या सेल्टिक्सला त्यांनी ४-१ असे नमवले आणि अंतिम फेरीत जुन्याच वॉरियर्सवर ४-२ अशी मात केली.

पन्नासची सरासरी हा अद्भुत पराक्रम होता, यात शंका नाही. परंतु आपले सर्वांत मोठे बळ आवरून धरत संघाचे सामर्थ्य वाढवणे अधिक कठीण होते, आणि म्हणून १९६६-६७ चे पारडे जड ठरते. हा संयम त्यांना सदैव पेलला असेही नाही. पुढच्याच वर्षी सेल्टिक्सविरुद्धच्या सातव्या सामन्याच्या उत्तरार्धात त्यांनी बास्केटकडे चेंडू टाकला तो अवघा दोनदा; संघ हरला.

लॉस एंजेलिस लेकर्ससाठी त्यांनी १९७२ मध्ये आणखी एक विजेतेपद मिळवले. त्या हंगामात लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले. चेंबरलेन यांची गुणांची सरासरी १५ पेक्षाही कमी होती. १९७३ मध्ये ते एनबीएतून बाहेर पडले. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.