पॉल हॅरिस

पॉल पर्सी हॅरिस (१९ एप्रिल १८६८, रसीन, विस्कॉन्सिन – २७ जानेवारी १९४७, शिकागो) हे अमेरिकन वकील व रोटरी क्लबचे संस्थापक होते. वडिलांच्या आर्थिक ओढाताणीमुळे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते व्हरमाँटमधील वॉलिंगफर्ड या लहान गावी आजी-आजोबांकडे वाढले. १८९१ साली आयोवा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यानंतर पाच वर्षे नाना कामे करीत ते हिंडले आणि १८९६ मध्ये शिकागोत स्थिरावले.

तेथे अशिले मिळाली, पण गावाकडचा शेजार मिळाला नाही. त्या एकटेपणातून २३ फेब्रुवारी १९०५ रोजी कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर व शिंपी हायरम शोरी यांच्यासह त्यांनी लोअर यांच्या कार्यालयात पहिली बैठक घेतली. बैठका सभासदांच्या कार्यालयांत आळीपाळीने होत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. सुरुवातीला सभासद एकमेकांना गिऱ्हाईकही मिळवून देत. क्लबने एवढ्यावरच थांबू नये, असे हॅरिस यांचे मत होते. ते सर्वांना रुचले नाही. तरीही १९०७ मध्ये क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी पाठपुरावा सुरू केला. काम साधे वाटते, परंतु तोवर ही सोय मुख्यतः दारूच्या गुत्त्यांत व मोठ्या दुकानांत असे आणि त्यांच्या चालकांनी कडवा विरोध केला. १९०९ मध्ये स्वच्छतागृह उघडले.

१९१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचे हॅरिस पहिले अध्यक्ष होते. भारतातील पहिला क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात निघाला. त्यांच्या निधनानंतर जमलेल्या देणग्यांतून परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पहिल्या वर्षी १८ विद्यार्थ्यांना त्या मिळाल्या. हॅरिस यांचे दफन शिकागोत शील यांच्या शेजारी झाले.