थेरी संघमित्रा

आपल्या वस्त्यांतून संघमित्रा नावाच्या मुली आहेत. ते नाव कोणाचे, हे त्यांना सांगा.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाची ही कन्या. महावंसात सांगितले आहे, की १८ व्या वर्षी तिने प्रव्रज्या घेतली. भाऊ महेंद्र आणि तिचा मुलगा सुमन धम्मकार्यासाठी आधीच लंकेला गेले होते. तेथे उपराजाची राणी अनुला व तिच्या ५०० सोबतिणींना भिक्खुणी व्हायचे होते. पण स्त्रियांना ती दीक्षा द्यायला भिक्खुणीच लागत. म्हणून महेंद्राने बहिणीला बोलावले.

मुलगा गेला, नातू गेला, आता मुलगीही निघाली, म्हणून अशोक व्याकूळ झाला. दीक्षेसाठी खोळंबलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, हे तिने पित्याला समजावले. त्याने मन घट्ट केले. बोधिवृक्षाची फांदी सुवर्णपात्रात घेऊन, ११ भिक्खुणींसह, ती ताम्रलिप्तीहून जहाजाने निघाली. बाप किनाऱ्यावर अश्रू ढाळीत उभा होता.

ती परतली नाही. अनुराधपुरातच तिचे निर्वाण झाले. तिने नेलेला बोधिवृक्ष तेथे आजही उभा आहे.

उद्या तुमची लेक शिक्षणासाठी वा धम्मासाठी दूर निघाली, तर उंबऱ्यात आडवे येऊ नका. डोळे भरून आले तरी तिला निरोप द्या.