दहा घरांवरून समाज कळतो का? इरावती कर्वे यांनी शोधलेलं उत्तर

पनवेलजवळच्या रोडपालीत समजा दहा घरांशी कुणी मनमोकळं बोललं. त्यावरून महाराष्ट्राबद्दल काही सांगता येईल का? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आयुष्यभर अशाच प्रश्नाशी झुंजल्या.

त्यांचा जन्म 1905 मध्ये ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. शिक्षण पुण्यात आणि मुंबईत झालं. 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर कवटीच्या असमान ठेवणीचा संबंध वंशाशी जोडत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. सिद्धांत गुरूंचा असला तरी पुरावा नसेल, तर निष्कर्ष काढायचा नाही.

1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून त्या नातीगोती आणि लग्नाच्या चालीरीती विचारत. 1953 मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं पुस्तक आलं. मामाची मुलगी चालते, पण आत्याची नाही, ही महाराष्ट्रातल्या अनेक जातींमधली रीत. उत्तरेत बहुतेक हिंदूंमध्ये दोन्ही वर्ज्य, तर दक्षिणेत अनेक ठिकाणी दोन्ही चालतात. अशी तुलना करत त्यांनी देशाचे चार विभाग मांडले. किती टक्के लोक असं करतात, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. नियम कोणता आणि तो कुठे बदलतो, हे त्या शोधत होत्या.

कुंभारांचंही तसंच. धंदा एक, म्हणून मूळही एक, असं मानणं सोपं होतं. पण काही कुंभार मोठं चाक वापरत, काही लहान. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहारही नव्हता. मग एकाच मोठ्या गटाचे तुकडे पडून या जाती झाल्या, हे गृहीतक त्यांनी नाकारलं. त्यासाठी त्यांनी गुरू घुर्ये यांच्या मताशीही मतभेद पत्करला.

त्यांच्या पद्धतीलाही मर्यादा होत्या. संस्कृत ग्रंथांवर त्यांनी जास्त भर दिला, अशी टीका झाली. 1970 मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणजे दहा घरांवरून महाराष्ट्राची टक्केवारी काढता येत नाही. पण एखादी रीत कशी चालते, हे समजू शकतं. मग तीच रीत दुसऱ्या गावात, दुसऱ्या जातीत तपासायची. जिथे ती लागू पडत नाही, तिथे निष्कर्षाची हद्द आखायची.