स्वतःच्या हातांनी बेड्या घालणारा: हजरत अबू मिहजन सकफी (रजि.)

इस्लामी इतिहासात अशा अनेक सहाबींची चरित्रे आहेत, ज्यांचे जीवन ईमान स्वीकारताच आमूलाग्र पालटले. ती वाचताना मन उजळून निघते. परंतु ज्याच्या घरात एखादे माणूस व्यसनात बुडालेले आहे, त्याला ती वाचून कधी कधी निराशाही येते. 'ते थोर होते, त्यांना जमले. आमच्या माणसाला कसे जमणार?' असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. अशा वाचकाने हजरत अबू मिहजन (रजि.) यांचे चरित्र अवश्य वाचावे. ईमान स्वीकारल्यानंतरही त्यांची मद्याची सवय सुटली नव्हती. ते पुन्हा पुन्हा घसरले, पुन्हा पुन्हा शिक्षेस पात्र ठरले, आणि अखेर एका रात्री स्वतःच्या निर्णयाने कायमचे मुक्त झाले.

द्राक्षमळ्यांचा प्रदेश

अबू मिहजन (रजि.) हे ताइफच्या सकीफ कबिल्यातील होते. मक्केच्या आग्नेयेस डोंगरावर वसलेले ताइफ थंड हवा, बागा आणि द्राक्षे यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील मनुके दूरवर विकले जात आणि तेथील मद्यही. अशा भूमीत जन्मलेल्या मुलाला मद्य हे पाप वाटत नसे. पाहुणचार, शौर्य आणि काव्य यांच्या जोडीने येणारी ती एक प्रतिष्ठेची गोष्ट होती. अबू मिहजन (रजि.) तर शूर घोडेस्वार होते आणि नामांकित कवीही. अरब कवींच्या परंपरेनुसार त्यांच्या काव्यात मद्याचे गुणगान असे. मृत्यूनंतर आपले दफन द्राक्षवेलीच्या मुळाशी व्हावे, अशी इच्छा व्यक्त करणारे त्यांचे काव्य आजही अरबी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. सवय किती खोल रुजली होती, हे सांगण्यास एवढे पुरे.

हुनैनच्या लढाईनंतर मुस्लिम सेनेने ताइफला वेढा दिला, तेव्हा अबू मिहजन तटबंदीच्या आत, विरोधी बाजूस होते. पुढे हिजरी 9 मध्ये सकीफचे शिष्टमंडळ मदीनेस आले. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की या मंडळींनी काही सवलती मागितल्या आणि त्यांत मद्याचीही सवलत होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती नाकारली. सकीफने इस्लाम स्वीकारला आणि त्यांच्यासोबत अबू मिहजन (रजि.) यांनीही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मदीनेतील मुसलमानांना मद्यबंदीचा आदेश टप्प्याटप्प्याने मिळाला होता. आधी सूरह अल-बकरामध्ये त्याची हानी लाभाहून मोठी असल्याचे सांगितले गेले, नंतर सूरह अन-निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली, आणि शेवटी सूरह अल-माइदामध्ये पूर्ण बंदी आली. तोवर मने तयार झाली होती. म्हणूनच अखेरचा आदेश येताच मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. ताइफकरांना मात्र ही दीर्घ तयारी लाभली नाही. त्यांच्यापुढे बंदी एकदमच आली. बहुतेकांनी ती निभावली. अबू मिहजन (रजि.) यांचे मन ईमानावर ठाम होते, परंतु जिभेची जुनी चटक त्यांना सोडत नव्हती.

शिक्षा झाली, सवय राहिली

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मद्यपानाबद्दल अबू मिहजन (रजि.) यांना फटक्यांची शिक्षा झाली. ती एकदाच नव्हे. कथनांत सात किंवा आठ वेळांचा उल्लेख येतो. प्रत्येक वेळी शिक्षा भोगून ते परतत आणि काही काळाने पुन्हा त्याच वाटेवर दिसत. अखेर हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पहारेकऱ्यासह समुद्रातील एका बेटावर पाठविण्याचा हुकूम दिला. ते वाटेतच निसटले आणि थेट इराकच्या सीमेवर हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या छावणीत पोहोचले. पळून जाणारा मनुष्य सहसा सुखाची जागा शोधतो. हे मात्र रणभूमीकडे पळाले. त्यांच्या अंतरातील ईमान विझलेले नव्हते, याची ही खूण होय.

छावणीतही त्यांना कैद झाली. काही इतिहासकार खलीफांच्या आदेशाचे कारण देतात, काही मद्यपानाचे, तर काही मद्यस्तुतीच्या काव्याचे. कारण कोणतेही असो, इ.स. 636 च्या सुमारास कादिसियाचे रण पेटले, तेव्हा हा शूर स्वार पायांत बेड्या घालून किल्ल्यात बंदिस्त होता.

कादिसियाचा तो दिवस

समोर सासानी साम्राज्याचा सेनापती रुस्तम होता आणि त्याच्या सेनेत हत्ती होते. अरबांच्या घोड्यांना हत्तींची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी घोडे बिथरले आणि मुस्लिम सेनेवर मोठे संकट ओढवले. हजरत साद (रजि.) स्वतः आजारी होते. अंगावर गळवे उठली होती आणि कंबरेच्या शिरेचे दुखणे बळावले होते. घोड्यावर बसणेही शक्य नसल्याने किल्ल्याच्या छतावर पालथे पडून ते रणांगण पाहत आणि तेथून आदेश पाठवीत.

खाली कोठडीत अबू मिहजन (रजि.) यांच्या कानी घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट येत होता. आपले बंधू प्राण देत आहेत आणि आपण आपल्याच दुर्बलतेपायी साखळीत बसलो आहोत, ही वेदना त्यांना असह्य झाली. त्यांनी सेनापतींच्या पत्नी हजरत सलमा यांना विनविले की मला सोडा आणि साद (रजि.) यांची बलका घोडी द्या, जिवंत राहिलो तर परत येऊन स्वतःच बेड्या घालून घेईन. सलमा यांनी आधी नकार दिला. मग त्यांनी आपली व्यथा करुण काव्यात मांडली. ती ऐकून सलमा यांचे मन द्रवले आणि त्यांनी बेड्या उघडल्या.

बलकावर स्वार होऊन अबू मिहजन (रजि.) शत्रूच्या फळीवर तुटून पडले. कधी उजव्या बगलेवर, कधी डाव्या, कधी मध्यभागी! हा अनोळखी वीर कोण, याचे सैन्यात आश्चर्य पसरले. छतावरून पाहणारे साद (रजि.) स्वतःही चकित झाले. झेप तर बलकाची दिसते, भाल्याचा वार अबू मिहजनचा दिसतो. पण अबू मिहजन तर खाली कैदेत आहे!

त्या रात्री लढाई थांबली. घोडी हाताशी होती, अंधार होता, पहारा नव्हता. निघून जाण्यास कोणतीच अडचण नव्हती. तरी अबू मिहजन (रजि.) किल्ल्यात परतले, घोडी जागेवर बांधली आणि स्वतःच्या हातांनी बेड्या पायांत घातल्या.

माफी आणि निर्णय

सलमा यांनी पतीला सर्व हकिकत सांगितली. साद (रजि.) यांनी अबू मिहजन (रजि.) यांना मुक्त केले आणि यापुढे मद्यासाठी तुला फटके मारणार नाही, असे सांगितले. त्यावर अबू मिहजन (रजि.) यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता की आजवर मी पीत असे, कारण शिक्षा होऊन मी पापातून शुद्ध होत असे, आता तुम्हीच शिक्षा सोडून दिली आहे, तेव्हा अल्लाहची शपथ, मी यापुढे कधीही पिणार नाही.

प्रिय वाचकहो, या उत्तरावर थांबून विचार करा. सात-आठ वेळा फटके बसूनही जे घडले नाही, ते एका माफीने घडले. असे का व्हावे? पाप करावे, शिक्षा भोगावी आणि हिशेब मिटला असे मानावे, अशी एक सोय त्यांच्या मनाने करून ठेवली होती. शिक्षेचा आधार निघताच तो हिशेब थेट त्यांच्या आणि त्यांच्या रबच्या मधला झाला. आता त्यांना रोखणारे बाहेर कोणी उरले नव्हते. रोखायचे तर स्वतःलाच.

याचा अर्थ शरीअतची शिक्षा निरर्थक आहे असा कोणी घेऊ नये. समाजाच्या रक्षणासाठी तिचे स्थान आहेच. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनीही या प्रसंगाची चर्चा शरीअतच्या चौकटीतच केली आहे. परंतु दंड मनुष्याचा हात धरू शकतो, त्याचे मन त्याला स्वतःलाच धरावे लागते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. मद्य सोडण्याच्या शपथेआधी त्यांनी एक लहान वचन पाळले होते. परत येईन म्हणाले आणि आले. वर्षानुवर्षे स्वतःपुढे हरत आलेल्या माणसाने त्या रात्री अनुभवले की आपण शब्द पाळू शकतो. मोठी तौबा बहुधा अशाच लहानशा निष्ठेच्या पायावर उभी राहते.

आपल्या घरांसाठी

इमाम म्हणून माझ्याकडे अनेक माता येतात. मुलाला कुरआनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावा, म्हणतात. मी त्यांना विचारतो, ही शपथ त्याला घ्यायची आहे की तुम्हाला द्यायची आहे? लादलेली शपथ महिनाभरही टिकत नाही. उलट ती मोडल्याची लाज त्याला पुन्हा बाटलीकडे ढकलते. त्याला एखादी जबाबदारी द्या, ती पार पाडली की मान द्या. सलमा यांनी जसा विश्वास टाकला, तसा तुम्हीही टाकून पाहा. वैद्यकीय उपचारांची गरज असेल तर डॉक्टरांकडे नेण्यात संकोच करू नका; उपचार घेणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. आणि त्याला शिव्याशाप देऊ नका. प्रेषितांच्या (स.) काळात मद्यासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका मनुष्याला कोणी शाप दिला, तेव्हा आपण (स.) त्यास मनाई केली आणि हा मनुष्य अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. बुखारी शरीफमधील ही हदीस प्रत्येक व्यसनग्रस्त घराने हृदयात जपावी.

आणि जो बंधू स्वतः या व्यसनात अडकला आहे, त्याला एवढेच सांगणे आहे: सातव्यांदा पडलास म्हणून आठव्यांदा उठण्याचा मार्ग बंद होत नाही. आज एक लहान वचन दे आणि ते पाळ. इशाची नमाज जमाअतीने पढेन, एवढेच का असेना. दार आतून उघडायचे आहे आणि कडी तुझ्याच हाताशी आहे.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना खऱ्या तौबाची आणि तिच्यावर कायम राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.